माझ्या वाटणीचा चीक

नोकरीत मी एकाच दुधाची तीन नावं शिकलो आणि त्यांतल्या दोन नावांनी मला तोंडघशी पाडलं. पुण्यातल्या प्रशिक्षणात त्याला कोलोस्ट्रम म्हणायचे. खात्याच्या पोस्टरवर नवदुग्ध असं छापलेलं असायचं. आणि आमच्या जुन्नर-आंबेगावकडे, जिथं माझा सगळा जन्म गेला, तिथं तो साधा चीक. गाय व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर, किंचित खारट दूध येतं, तो हा चीक. शहरातल्या माणसाला तो समजावून सांगायचा तर खरवसाच्या वडीपासून सुरुवात करावी लागते. मला त्याचं काही वाईट वाटत नाही, कारण माझीही त्याच्याशी खरी ओळख वडीपासूनच झाली होती.

हुद्द्याने मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर वेगळे. त्यांच्याकडे पदवी असते आणि चारचाकी असते; माझ्याकडे डिप्लोमा होता आणि मोटारसायकल होती. पण आंबेगावच्या पूर्व भागात गोठ्यात शिरून हाताला खांद्यापर्यंत मोजा चढवणारा प्रत्येक माणूस डॉक्टरच असतो. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. पेठ गावातल्या एका आजोबांनी एकदा माझं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आसं व्हय. बरं, मग डॉक्टर, आता आत या, म्हस खोळंबलीया." त्यानंतर मी दुरुस्ती सोडली. त्याआधीही ती फार मनापासून करत होतो असं नाही.

आमचं काम म्हणजे गाई भरवणं, म्हणजे कृत्रिम रेतन, लस टोचणं, अडलेली गाय सोडवणं आणि उरलेल्या वेळात लोकांना शहाणं करणं. पहिली तीन कामं मला बरी जमायची. चौथ्यात माझं मुख्य भांडण वारेशी होतं. वार म्हणजे गाय व्याल्यानंतर तिच्या पोटातून पडतं ते वासराचं वेष्टन. ती पडेपर्यंत वासरू गाईला लावायचं नाही, असा आमच्याकडे जुना दंडक. लावलं तर गाय वार धरून ठेवते म्हणे. वार पडायला कधी कधी अर्धा दिवस जातो. तोपर्यंत पहिला चीक देवाला, मग खरवस करून भावकीला, आणि वासराचा नंबर सगळ्यांत शेवटी.

यात गोची अशी की वासराला तेवढी सवड नसते. माणसाचं बाळ आईच्या पोटातूनच रोगाशी झगडायची थोडी शिदोरी घेऊन येतं, वासरू कोरं येतं. त्याची सगळी शिदोरी चिकात असते. ती जशीच्या तशी रक्तात उतरवून घ्यायचं दार वासराच्या आतड्यात असतं खरं, पण ते पहिले काही तासच सताड उघडं, मग हळूहळू लागत जातं. दार लागल्यावर बादलीभर चीक पाजला तरी त्याच्या लेखी ते नुसतं दूध. असं वासरू आठवडाभर बरं दिसतं, मग हगवण लागते आणि एका सकाळी दावं रिकामं असतं. लोक म्हणतात, नजर लागली.

तर हे सगळं मी देवळापुढे लोकांना गोळा करून सांगायचो. मागे नवदुग्धाचं पोस्टर लावलेलं असायचं. एकदा असाच रंगात येऊन बोलत होतो, तर पुढच्या रांगेतला एक जण उठला आणि म्हणाला, "डॉक्टर, ह्ये नवदुग्ध कंच्या डेअरीचं? आमच्याकडं आजून जुनंच येतंय." लोक हसले. मीही हसलो आणि त्या दिवसापासून पोस्टर गुंडाळून ठेवलं, सरळ चीक म्हणायला लागलो. सभा संपल्यावर यजमानांनी स्टीलचा डबा हातात ठेवला. आत ताजा खरवस होता, वर वेलदोड्याची पूड. वासराच्या हक्कावर तासभर घसा कोरडा करणारा मी तो डबा मोटारसायकलच्या डिकीत ठेवून वारूळवाडीला घरी आलो, आणि वाटेत एकही खड्डा लागू दिला नाही.

माझी ही आवड दोन्ही तालुक्यांत ठाऊक होती. डॉक्टरला चहा चालतो, पैसे चालत नाहीत, खरवस धावतो, असं लोक म्हणायचे. माझ्या बाजूनं बोलायचं तर चांगल्या गाईला चीक भरपूर येतो. वासराचं पोट भरून उरतो तो माणसाचा, हे मी प्रत्येक भाषणात सांगायचो. भाषणातलं एवढंच एक वाक्य लोकांच्या पक्कं ध्यानात राहायचं, तेही निम्मंच.

आता त्या उन्हाळ्यातल्या दिवसाकडे येतो, ज्या दिवशी माझ्या हातून नोकरीतलं सगळ्यांत चांगलं काम झालं. ते कसं झालं हे वाचल्यावर तुम्ही मला शाबासकी द्याल असं वाटत नाही.

आदल्या संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांची गाय व्याली होती. वासराला पोटभर पाजून त्यांनी उरलेल्या चिकाची किटली आमच्या घरी दिली. माझी बायको सुमन म्हणाली, घरात गूळ नाही, नारायणगावातून घेऊन या. मी गेलो. बाजारात कुणीतरी टोमॅटोच्या भावाचा विषय काढला. मी टोमॅटो लावत नाही, विकत नाही, पण मत मात्र मला सगळ्यावर असतं. परत आलो तेव्हा हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"आता कोथिंबिरीचा खरवस लावू का?" सुमन म्हणाली आणि किटली फ्रीजमध्ये ठेवून दिली. सकाळी मी निघालो तेव्हाही ती माझ्याशी बेताचंच बोलत होती.

वाटेत फोन आला. गाडी बाजूला घेऊन उचलला. "सर, मी मनीषा बोलतेय, लोणीच्या शेवंताबाईंची सून. आमची गाय आत्ता पहाटे व्याली आणि लगेच गेली. खूप रक्त गेलं. वासरू आहे. मी काय करू?"

शेवंताबाईंना मी चांगला ओळखत होतो. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. नवरा गेला, मुलगा चाकणला कंपनीत लागला, मेंढरांमागे हिंडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी कळप मोडला आणि त्या पैशातून एक गाय घेतली. गोठ्याला बिबट्याच्या धाकानं मेंढरांसाठी लावलेली जाळी तशीच होती, आत आता ती एकटी गाय. तिला मीच भरवली होती. गाय गेली म्हणजे बाईंच्या दारातलं शेवटचं जनावर गेलं. मागे राहिलं ते एवढं वासरू.

"कालवड का गोऱ्हा?" मी विचारलं.

"कालवड."

"हे बघ मनीषा, ती जगवायची असेल तर पहिल्यांदा तिच्या पोटात चीक गेला पाहिजे. चीक मिळेल का कुठं?"

"चीक ना? आहे की घरात. भरपूर आहे. कालच काढलाय."

इथं मी थांबून विचार करायला हवा होता. गाय आज व्याली तर चीक काल कसा काढला, ही शंका कुणालाही आली असती. पण मला वाटलं, शेजारच्या गाईचा चीक यांनी जपून ठेवलाय, म्हणजे आपली भाषणं इतक्या वर्षांनी फळाला आली. ऊर भरून आल्यावर माणसाला शंका येत नाहीत.

"शाब्बास," मी म्हणालो. "कोमट कर आणि बाटलीनं पाज."

"घट्ट झालाय सर. पातळ करू का?"

"घट्टच चांगला असतो. बाटलीतून उतरेल एवढाच पातळ कर. मी येतोच."

आता घाई नव्हती. मंचरला थांबून मी स्वतःच्या खर्चानं स्वतःला बक्षीस म्हणून एक मिसळ खाल्ली.

लोणीला पोचलो. लिंबाखाली गाय आडवी होती, अंगावर जुनं लुगडं टाकलेलं. शेवंताबाई तिच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "मेंढरं गेली तवा म्या रडली न्हाई, डॉक्टर. गेली ती जित्ती गेली, दुसऱ्याच्या दारात. ही मातर माझ्या देखत गेली."

मी गोठ्याकडे वळलो. अंगणात बाजेवर प्लॅस्टिक अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या मी बघितल्या आणि पुढे गेलो. गोठ्यात मनीषा कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हातात तिच्या तान्ह्या बाळाची दुधाची बाटली. कालवडीच्या ओठांना पांढरी खळ लागलेली.

"पीतच नाही सर. दोन घोट गेले, बाकी थुंकते."

मी बोटावर घेऊन वास घेतला. आंबूस. वर हिंग.

"मनीषा, हा कसला चीक आहे?"

"गव्हाचा. कुरडयांचा. तीन दिवस गहू भिजवले होते ना."

मनीषाचं माहेर भोसरीचं. तिच्या घरी चीक दरवर्षी उन्हाळ्यात एकदा व्हायचा, गहू भिजवून, वाटून, गाळून, हिंग-मीठ घालून शिजवलेला, आणि कुरडया पाडायच्या आधी पोरं तो वाटीत घेऊन चाटायची. खरवस तिनं मिठाईच्या दुकानात पाहिला होता. तो ज्या दुधाचा करतात त्यालाही चीक म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. नवदुग्धाला कंटाळून मी तो शब्द मोठ्या विश्वासानं हाताशी धरला होता.

मी तिला समजावायला लागलो, रोगप्रतिकारशक्ती, आतडं, दार. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे माझ्या डिलिव्हरीनंतर नर्सबाई म्हणाल्या होत्या, पहिलं पिवळं दूध फेकू नको, बाळाला दे, ते?"

"तेच."

"मग तसं सांगायचं ना, सर."

एवढ्या नोकरीत हे मला सुचलं नव्हतं. सुचून तेव्हा उपयोगही नव्हता. कालवड पहाटेची होती आणि आता ऊन अंगणात आलं होतं. मेलेल्या गाईची कास चाचपून पाहिली, हाताला काही लागलं नाही. मी गावात फोन लावले. ज्याच्या त्याच्या गाईला वेत होऊन महिना झालेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, वस्तीवरच्या किसनची गाय परवा व्यालीय. निरोप धाडला. किसन धावतच आला, आणि त्याच्या हातात ताटली होती. ताटलीत खरवसाच्या वड्या.

"चीक व्हता डॉक्टर, पर बायकूनं सकाळीच समदा लावला. ह्येच पान्यात कालवून पाजलं तर?"

"नाही चालत, किसनभाऊ. एकदा उकडला की त्यातली ताकद गेली. आता ती मिठाई."

"मग आता पिळून बघू का? निघंल थोडा."

"परवाची ना? आता त्याचं दूधच झालं असेल निम्मंअर्धं. पण तेही आण, काहीच नसण्यापेक्षा बरं."

तो निघाला, जाता जाता ताटली माझ्या हातात देऊन. "मग ह्ये तुमी तरी खा. तुमाला आवडतंय." त्याच्या मनात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

मी ती वडी खाल्ली का? खाल्ली. समोर मेलेली गाय, गोठ्यात उपाशी कालवड, आणि मी गोठ्याच्या दारात उभा राहून खरवस खात होतो. काही सुचत नसलं की माझा हात तोंडाकडे जातो, हा माझा स्वभाव आहे. पण त्या वडीत गूळ होता. पहिलाच घास जिभेवर गेला आणि मला कालची सुमन दिसली, हातात कोथिंबिरीची जुडी धरलेली.

फोन लावला. "सुमन, ती किटली आहे का अजून?"

"आहे. गूळ माझी मीच आणला आत्ता. तुमच्या भरवशावर बसले असते तर दिवाळी उजाडली असती. किसतेय."

"घालू नको. गॅसवर ठेवू नको."

"का? आता साखरेचा हवाय का?"

"वासराला हवाय."

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कुणाच्या हाती द्यायला नको, मीच घेऊन येते." आणि फोन ठेवला.

त्यानंतरचा वेळ मला आजही नको वाटतो. बारदानानं कालवडीचं अंग चोळत बसलो. ती मघाशी पाय रोवायला बघत होती, आता मान टाकून पडली. कान गार लागले. किसननं आणलेलं दूध पाजायचा प्रयत्न केला, तिनं तोंड उघडलं नाही. लोकांना इतकी वर्षं मी त्या दाराबद्दल सांगत आलो होतो. ते लागताना पाहण्याची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि मला भीती वाटत होती. वासरं मी बरीच मेलेली पाहिली. पण लिंबाखाली बसलेल्या त्या बाईंना आता हेही सांगायला जाणं माझ्याच्यानं झालं नसतं.

सांगायला लागलंच नाही. त्या आपण होऊन उठल्या. गाईच्या अंगावरचं लुगडं नीट केलं, गोठ्यात आल्या आणि मला म्हणाल्या, "सरा बाजूला. आसं चोळत्यात व्हय? जीव घ्याल तिचा." कालवडीचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं आणि तिच्याशी मेंढरांच्या बोलीत काहीतरी बोलत राहिल्या, नुसते जिभेचे आवाज.

टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन निघालेली एक पिकअप दारात थांबली. पुढच्या सीटवर सुमन, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली किटली. लोणीपर्यंत तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती, पदरसुद्धा सावरला नव्हता. मनीषानं तोवर पाणी तापवून ठेवलं होतं. किटली आचेवर न ठेवता त्या पाण्यात बसवली, चीक कोमट झाला, बाळाच्या बाटलीच्या बुचाचं भोक कात्रीनं थोडं मोठं केलं. कालवड ओढेना. शेवंताबाईंनी आपलं बोट तिच्या तोंडात घातलं, टाळूला लावलं, आणि जीभ हलायला लागली तसं बोट काढून बाटली सरकवली.

ती प्यायली. पहिल्यांदा थांबून थांबून, मग डोकं मारून मारून. गोठ्यात तेवढाच आवाज होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं निमित्त सांगावं तर घरात चूल नव्हती, गॅस होता.

शेवंताबाईंनी डोळे पुसले, बाहेर बाजेकडे पाहिलं, मग सुनेकडे. "आन् तू हिला कुरडया चारीत व्हतीस," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. मनीषाही हसली आणि हसता हसता रडायला लागली. सुमनची नजर गोठ्याच्या दारातल्या ताटलीवर गेली होती.

"हे काय?"

"खरवस," मी म्हणालो. "त्याच्यामुळेच तर आठवलं."

घरी जाताना ती परतीच्या पिकअपमध्ये बसली, माझ्या गाडीवर नाही.

कालवड जगली. पुढे ती किसनच्या गाईच्या दुधावर वाढली आणि तिचं नाव पडलं कुरडई. आता सारांश काढायचा तर माझं सगळं प्रशिक्षण, पोस्टर, भाषणं, दवाखान्याची मोटारसायकल, यांपैकी कशानंही ती वाचली नाही. मी गूळ विसरलो म्हणून ती वाचली. निरोप समारंभात साहेबांनी माझ्या कर्तव्यतत्परतेचा उल्लेख केला तेव्हा सुमन खालमानेनं हसत होती.

त्यानंतर मात्र मी बोलायची पद्धत बदलली. बाईमाणसांपुढे बाळंतिणीच्या पिवळ्या दुधापासून सुरुवात करायचो. आणि एक गोष्ट वाढवली: उरलेला चीक बाटल्यांत भरून फ्रीजरला ठेवा, आजूबाजूला एखादं वासरू पोरकं झालं तर तो कामी येतो. लोक मान डोलवायचे. मान ते नवदुग्धालाही डोलवायचे, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

निवृत्तीनंतरच्या वर्षी मनीषाचा फोन आला. "सर, कुरडई व्याली. कालवडच झाली. वार पडायची वाट बघितली नाही, आधी चीक पाजला. आम्ही उद्या नारायणगावला येतोय, आई म्हणाल्या, डॉक्टरांकडे जायचंय."

मी संध्याकाळी बाजारात गेलो. टोमॅटोच्या गप्पा चालल्या होत्या, थांबलो नाही. गुळाची अख्खी ढेप घेऊन आलो. चीकच आणतील, खरवस घरीच लावू, सुमनच्या हाताची चव वेगळी. वेलदोडेही निवडून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. शेवंताबाईंनी पिशवीतून भलामोठा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. हलका लागला. झाकण उघडलं. आत कुरडया होत्या, पांढऱ्याशुभ्र, नीट रचलेल्या.

"चीक?" माझ्या तोंडून गेलंच.

"कालवडीला पोटभर पाजला की," शेवंताबाई म्हणाल्या. "उरला त्यो मनीषानं बाटल्या भरून बरफात ठिवला. किसनच्या भावाची गाय ह्या म्हयन्यात व्यायची हाय, लई थकलीया. न जानो. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं? मग तुमाला काय द्यावं? तर ह्यो तुमच्या वाटनीचा चीक."

मी डबा धरून उभा राहिलो. जन्मभर ज्याच्यासाठी घसा फोडला ते एका घरात तरी झालं होतं, पुरतं झालं होतं, आणि त्यात माझ्यासाठी चमचाभरही उरलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी आत जाऊन पाणी प्यायलो.

सुमननं तेल तापवलं. कुरडया कढईत फुलत होत्या आणि शेजारी ओट्यावर गुळाची ढेप. कुरडई मी गुळाबरोबर खाऊन पाहिली. बरी लागते.